हाड धरतं कसं?

(आपल्या १९७९ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दोनच अटी घातल्या आहेत. पंचवीस मिनिटांत आटप आणि कोणाला झोप येऊ देऊ नकोस. विषय मात्र माझ्यावर सोडला. काल रात्री पंगतीला बसायचं ठरलं होतं, पण आयत्या वेळी मंडपवाल्याकडून खुर्च्या मागवाव्या लागल्या, तेव्हाच माझा विषय ठरला. आपल्या तुकडीत आता नातवंडांच्या खालोखाल गुडघ्यांबद्दल बोललं जातं. काल मी सहज मोजलं. तिघांचे गुडघे बदललेले, एकीचा खुबा बदललेला, आणि दातांचे स्क्रू बसवलेले किती ते तर विचारूच नका.

मी डॉक्टर नाही हे आधी सांगते. मी धातुशास्त्राची इंजिनिअर. नोकरीची पहिली काही वर्षं टर्बाइनच्या पात्यांना उष्णता सोसणारे लेप देण्यात गेली आणि पुढची सगळी शरीरात बसवायच्या धातूंना लेप देण्यात. यंत्र जवळपास तेच, भुकटी वेगळी. त्यामुळे तुमच्या गुडघ्याचं काय करायचं ते तुमचे डॉक्टर सांगतील. धातू आणि हाड एकमेकांना धरतात कसे, एवढंच मी सांगू शकते.

आपण हाडाला खुंटीसारखं समजतो. विज्ञानाच्या तासाला कपाटात टांगलेला सापळा पाहून आपला तो समज झाला असावा. जिवंत हाड सतत मोडत असतं आणि सतत बांधलं जात असतं. काही पेशी जुनं हाड खातात, त्यांच्या मागून दुसऱ्या पेशी नवं घालतात. कुठे घालायचं आणि कुठून काढायचं हे बरंचसं त्या जागी पडणाऱ्या भारावर ठरतं. १८६० च्या दशकात झुरिकमध्ये कुलमन नावाचे इंजिनिअर होते. शरीरशास्त्रज्ञ मायर यांनी मांडीच्या हाडाचा उभा छेद घेतला होता. त्यातल्या जाळीच्या रेषा पाहून कुलमन यांना आपल्या क्रेनमधल्या ताणाच्या रेषा आठवल्या. पुढे बर्लिनचे शल्यविशारद युलियुस वोल्फ यांनी यावर १८९२ मध्ये ग्रंथच लिहिला. त्यातलं गणित आज जसंच्या तसं कोणी मानत नाही, पण भाराप्रमाणे हाड घडतं ही गोष्ट टिकली आहे. अंतराळात भार नसतो, म्हणून अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटतं.

या बाबतीत मला सर्वांत आवडतो तो कोंबड्यांवरचा प्रयोग. रुबिन आणि लॅनियन यांनी १९८४ मध्ये कोंबड्याच्या पंखातलं एक हाड भारापासून पूर्ण मोकळं केलं आणि मग यंत्राने रोज मोजून झटके दिले. काहीच झटके दिले नाहीत तेव्हा हाड झिजलं. रोज फक्त चार झटके दिले तर झीज थांबली. छत्तीस दिले तर नवं हाड आलं. त्यापुढे अठराशेपर्यंत नेलं तरी जास्तीचा फायदा दिसला नाही. म्हणजे हाडाला भार हवा असतो, पण दिवसभर नको असतो. सकाळी तासभर मैदानाला फेऱ्या मारून उरलेला दिवस टीव्हीसमोर घालवणाऱ्यांनी यातून सोयीचा अर्थ काढू नये, कारण चालणं काही फक्त हाडांसाठी नसतं.

आता अशा या सतत बदलणाऱ्या वस्तूत धातूचा तुकडा बसवायचा. तो टिकणार कसा?

एक वाट इंग्लंडच्या जॉन चार्नले यांनी रूढ केली. लँकेशायरमधल्या राइटिंग्टनच्या रुग्णालयात त्यांनी खुब्याचा सांधा बदलण्याचं तंत्र बसवलं. आधी टेफ्लॉनची वाटी वापरली, ती भराभर झिजली. मग १९६२ मध्ये दाट पॉलिइथिलीन आलं आणि तिथून आजचा सांधा सुरू झाला. धातूचा दांडा मांडीच्या हाडात पक्का बसावा म्हणून त्यांनी ॲक्रिलिक सिमेंट वापरलं. आपल्या कवळ्या ज्या जातीच्या पदार्थाच्या असतात, त्याच जातीचं. लोकांना वाटतं ते डिंकासारखं चिकटतं. ते चिकटत नाही. फरशीखाली गवंडी माल भरतो तसं ते पोकळी भरतं, हाडाच्या बारीक छिद्रांत शिरतं आणि अडकून बसतं. आपल्याकडे गुडघ्याच्या बहुतेक शस्त्रक्रिया आजही सिमेंटनेच होतात आणि त्या चांगल्या टिकतात. तेव्हा काल ज्यांनी मला काळजीने विचारलं की माझ्या गुडघ्याला ते नवं कोटिंग नाही, मग काय, त्यांनी निश्चिंत राहावं. तुमचा धातू सिमेंटने धरलेला आहे.

दुसरी वाट स्वीडनमध्ये सापडली, तीही शोधत नसताना. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क १९५२ च्या सुमारास लुंडला सशांच्या पायाच्या हाडातलं रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी टायटॅनियमची छोटी नळकांडी हाडात बसवली होती, आत भिंग. प्रयोग संपल्यावर नळकांडी काढायला गेले तर निघेनात. टायटॅनियम महाग, दुसऱ्या सशासाठी परत वापरायचं होतं. पण हाड धातूला इतकं लगटून वाढलं होतं की ओढून काढलं तर हाडच तुटलं असतं. तोपर्यंत सगळे मानत होते की शरीर परक्या धातूभोवती एक मऊ पडदा तयार करतं आणि त्याला बाजूला ठेवतं. इथे पडदा नव्हता. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. दंतवैद्यांच्या जगाला ते पटायला १९८२ ची टोरोंटोची परिषद यावी लागली. तुमच्या दातांचे स्क्रू त्या सशांचे वंशज आहेत.

आता माझ्या कामाकडे येते. हाड धातूला धरतं, पण धातूचा पृष्ठभाग कसा आहे यावर बरंच ठरतं. आरशासारखा गुळगुळीत दांडा हाड धरत नाही. तुम्हाला आठवत असेल, लहानपणी दारावर हाक यायची, जात्याला, पाट्याला टाकी लावायची का म्हणून. गुळगुळीत झालेला दगड दाणा धरत नाही, म्हणून छिन्नीने टोचून खडबडीत करायचा. आम्ही धातूला तेच करतो. एक तर कठीण कणांचा मारा करून तो खरखरीत करतो. नाही तर बारीक मणी किंवा तारांची जाळी भट्टीत तापवून, पण न वितळवता, त्याच्यावर जोडून सच्छिद्र थर बनवतो. छिद्रं साधारण १०० ते ४०० मायक्रॉनची असली तर हाड आत शिरून वाढतं. आपला केस धरा ७० मायक्रॉनचा, म्हणजे एक ते सहा केसांच्या जाडीएवढी. फारच लहान छिद्रात रक्तवाहिनी शिरत नाही, आणि रक्त नाही तिथे हाड नाही.

यापुढची पायरी म्हणजे हायड्रॉक्सिॲपेटाइट. नाव अवघड आहे, पण वस्तू घरचीच. कॅल्शियम आणि फॉस्फेटचं खनिज, आपल्या हाडातल्या खनिजाचं जवळचं नातलग. १९८० च्या दशकाच्या मध्याला लंडनमध्ये फर्लाँग आणि नेदरलँड्समध्ये हेसिंक यांनी या खनिजाचा लेप दिलेले खुब्याचे दांडे वापरायला सुरुवात केली. कल्पना सरळ होती. हाडाला धातू दाखवूच नका, त्याला हाडासारखंच काहीतरी दाखवा.

हा लेप देणं दिसतं तेवढं सोपं नाही, आणि इथे मी थोडा वेळ घेणार आहे कारण आयुष्य यात गेलं. आर्गॉन वायूतून विजेचा लोळ काढतात. त्याच्या गाभ्यात तापमान दहा हजार अंशांच्या घरात असतं. त्यात पांढरी भुकटी सोडायची. कण काही सहस्रांश सेकंदांतच वितळून धातूवर आपटतात आणि चपटे होऊन थिजतात. असे थर चढत चढत ५० ते १५० मायक्रॉनचा लेप होतो. ज्योत थोडी जास्त तापली किंवा कण जास्त वेळ आत राहिला की खनिजाची स्फटिकरचना बिघडते आणि काचेसारखा पदार्थ तयार होतो. शरीरात तो लवकर विरघळतो. कमी तापली तर कण अर्धे कच्चे राहतात, लेप सुटा होतो. जाडी वाढवावी म्हटलं तर जाड लेप पापुद्र्यासारखा निघायची भीती. मग आम्ही नमुन्याला गोंदाने धातूचा ठोकळा चिकटवून यंत्राने ओढून पाहतो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तो किमान १५ मेगापास्कलला टिकला पाहिजे, म्हणजे एका चौरस सेंटीमीटरला दीडशे किलोची ओढ. घरी आल्यावरही माझ्या केसांत ती पांढरी पूड असायची. सासूबाईंना बरेच दिवस वाटायचं मी पिठाच्या गिरणीत जाते.

पण कितीही चांगला लेप दिला तरी एक शत्रू उरतोच, तो म्हणजे हालचाल.

माझ्या ताईचा खुबा बदलला तेव्हाची गोष्ट. सिमेंटशिवायचा दांडा, वरच्या भागाला हायड्रॉक्सिॲपेटाइटचा लेप. डॉक्टरांनी सहा आठवडे वॉकर सांगितला, पायावर अर्धाच भार. ताईला सहा मिनिटं बसवत नाही. ती मला म्हणाली, "अगं, तूच सांगतेस ना तुझं कोटिंग एवढं भारी? हाडाला फसवतं म्हणतेस. मग मी का अडकून पडू?" प्रश्न रोखठोक होता, आणि मी काही बोलायच्या आत, बाराव्या दिवशी, ती माळ्यावरची भांडी काढायला जिना चढून गेली. कोणी नसताना, वॉकर खाली ठेवून.

तिला मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. आपल्या भागात कलमं बांधणाऱ्यांची काय कमी? रोपात काडी बसवली, पट्टीने करकचून बांधली, की मग ती हलता कामा नये. काडी कितीही जातिवंत असू द्या, कापलेल्या तोंडाची कितीही चांगली असू द्या, वाऱ्याने जोडावर रोज थोडी जरी हलली तरी कलम जगत नाही. हाड आणि धातू यांच्यामधल्या जोडाचंही असंच आहे. पाऊल टाकल्यावर दांडा हाडात जरासा सरकतो आणि परत येतो. हे सरकणं २० ते ४० मायक्रॉनच्या आत असेल तर हाड धातूत वाढतं. १५० मायक्रॉनच्या वर गेलं, म्हणजे दोन केसांएवढं, की हाडाऐवजी चिवट तंतूंचा पडदा तयार होतो. तो पडदा एकदा पक्का बसला की दांडा कायमचा सैल, आणि चालताना मांडीत दुखणं.

डेन्मार्कमध्ये सोबाले यांनी १९९० च्या सुमारास कुत्र्यांच्या गुडघ्याजवळ अशी रोपणं बसवली की प्रत्येक पावलाला ती बरोबर १५० मायक्रॉन हलावीत. काहींना नुसतं टायटॅनियम, काहींना हायड्रॉक्सिॲपेटाइटचा लेप. स्थिर ठेवलेल्या रोपणांना दोन्हीकडे हाड आलं, लेपाला जास्त. हलत्या रोपणांभोवती काही आठवड्यांनी पाहिलं तर नुसत्या टायटॅनियमला तंतूंचा पडदा होता. लेपाभोवती त्याहून बऱ्या प्रतीचं, कूर्चेसारखं ऊतक होतं. आणखी काही आठवडे गेल्यावर लेपाभोवतीच्या पडद्याची जागा हाडाने घेतलेली दिसली. म्हणजे लेप हालचालीला थोडीफार माफी देतो. मिलिमीटर-दीड मिलिमीटरची फट राहिली असेल तर तीही भरून काढायला मदत करतो. ताईला मी म्हटलं, कोटिंग तुला क्षमा करेल, पण रोज जिना चढलीस तर तेही कंटाळेल.

पुढच्या एक्स-रेत तिचा दांडा जवळपास तीन मिलिमीटर खाली उतरलेला दिसला. डॉक्टरांचा चेहरा उतरला आणि ताईचाही. पुन्हा उघडावं लागेल का, हा प्रश्न महिनाभर घरात होता, मोठ्याने कोणी विचारत नव्हतं. ती मात्र त्यानंतर वॉकरशिवाय हलली नाही. दीड महिन्याने परत पाहिलं तेव्हा दांडा तिथेच होता, तीन महिन्यांनीही तिथेच. असं होतं. सुरुवातीला थोडा उतरून घट्ट जागी रुतला की मग हाड त्याला धरतं. उतरतच राहिला असता तर गोष्ट वेगळी होती. आज ती चालते, पाय नावापुरता आखूड झाला आहे.

एक्स-रेवर तीन मिलिमीटर दिसतात, पण अर्धा मिलिमीटर सहसा दिसत नाही. त्यासाठी स्वीडनच्या योरान सेल्विक यांनी १९७४ मध्ये युक्ती काढली. हाडात टँटलमचे बारीक मणी ठेवायचे आणि दोन कोनांतून एकाच वेळी चित्रं घ्यायची. त्यातून मिलिमीटरच्या अंशांपर्यंत सरकणं मोजता येतं. नव्या दांड्याची पहिल्या दोन वर्षांतली चाल पाहून तो पुढे टिकेल का याचा चांगला अंदाज येतो.

मग भार किती पडतो? बर्लिनमध्ये बेर्गमान यांच्या गटाने रुग्णांच्या खुब्यात मोजणी करणारे सांधे बसवले. माणूस चालत असताना आतूनच आकडे बाहेर येतात. साध्या चालण्यात खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. जिना चढता-उतरताना त्याहून थोडा जास्त, शिवाय दांड्याला पीळ बसतो, आणि न रुजलेल्या दांड्याला पीळच जास्त घातक. ठेच लागून तोल सावरताना मात्र सात-आठ पट. एकदा ठेच म्हणजे पाचशे किलोच्या आसपास! म्हणून घरातली सरकणारी पायपुसणी आधी काढा, कोटिंगची चौकशी मागाहून करा.

एक उलटी बाजूही आहे. पहिल्या काही आठवड्यांत भार जपायचा आणि पुढे आयुष्यभर तो हाडाला मिळालाच पाहिजे. हाडाची ताठरता साधारण १७ गिगापास्कल, टायटॅनियमची ११०, कोबाल्ट-क्रोमची २२० च्या आसपास. ताठ दांडा मांडीत उभा राहिला की वरचा भार तोच उचलतो आणि थेट खालच्या टोकाला नेऊन सोडतो. मधलं हाड बिनकामाचं होतं आणि झिजू लागतं. एकत्र कुटुंबात सगळी कामं एकानेच उचलली की बाकीचे कसे होतात ते आपण पाहिलंच आहे. पूर्वी पूर्ण लांबीला सच्छिद्र लेप दिलेले जाड दांडे बसवत. ते घट्ट बसत, पण दहा वर्षांनी वरचं हाड पातळ झालेलं दिसे. म्हणून आता बऱ्याच दांड्यांना लेप फक्त वरच्या तिसऱ्या हिश्शाला देतात. हाडाने वरच धरावं आणि वरच भार घ्यावा. लेप कुठे द्यायचा यापेक्षा कुठे द्यायचा नाही हे शिकायला आमच्या धंद्याला वेळ लागला.

आणि आता एक गोष्ट, जी कदाचित माझ्या जुन्या सहकाऱ्यांना आवडणार नाही. स्वीडनमध्ये १९७५ पासून गुडघ्यांची आणि १९७९ पासून खुब्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे. कोणता सांधा कोणाला बसवला, परत कधी काढावा लागला, सगळं त्यात आहे. त्या आणि डेन्मार्कच्या नोंदींवरून पाहिलं तर खुब्याच्या दांड्याला हायड्रॉक्सिॲपेटाइट होतं की नव्हतं यावरून लांबच्या टिकाऊपणात ठळक फरक दिसला नाही. काही जातींच्या कपांमध्ये तर लेपवालेच जास्त सैल झाले. प्रयोगशाळेत लेप हाड लवकर आणतो हे खरं आहे. पण पृष्ठभाग आधीच चांगला खडबडीत असेल, दांडा घट्ट ठोकून बसवला असेल, तर हाड लेपाशिवायही येतं, फक्त थोडं सावकाश. लेप उपयोगी आहे असं माझं आजही मत आहे, विशेषतः हाड विरळ असेल आणि फट राहिली असेल तिथे. पण कोणी तुम्हाला केवळ कोटिंगच्या नावाखाली दुप्पट दर सांगितला तर शांतपणे विचारा, या मॉडेलच्या दहा वर्षांच्या नोंदी कुठल्या देशात आहेत? २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखवलेली पाहून घ्या.

दातवाल्यांसाठी दोन वाक्यं. नियम तोच. स्क्रू बसवल्यावर काही महिने वर दात न लावता थांबवतात किंवा लावला तरी त्यावर चावू नका म्हणतात, ते या सूक्ष्म हालचालीसाठी. त्या काळात कडक चकली दुसऱ्या बाजूने खा, आणि तंबाखू, विडी सोडाच, कारण तिने रक्तपुरवठा घटतो.

बाईंनी मघाशी विचारलं की खुबा बदलून झाल्यावर मांडी घालून बसता येईल का. बाई, ते सांधा निखळण्याशी निगडित आहे, धरण्याशी नाही, आणि त्याचं उत्तर तुमच्या सर्जनने कुठल्या बाजूने शस्त्रक्रिया केली यावर आहे. त्यांनाच विचारा. आणि ज्यांनी ज्यांनी सांधा बदलला आहे त्यांनी घरी गेल्यावर एक करा. फाइलीत इम्प्लांटचे स्टिकर चिकटवलेले असतात, मॉडेल आणि लॉट नंबर असलेले. त्यांचा मोबाइलवर फोटो काढून मुलांना पाठवा. शस्त्रक्रियेनंतरचा पहिला एक्स-रेही जपून ठेवा, गादीखाली दुमडून नको. दहा वर्षांनी दुखायला लागलं तर डॉक्टर सगळ्यात आधी तोच मागतील, कारण दांडा हलला की नाही हे त्या जुन्या चित्राशेजारी नवं चित्र धरूनच कळतं.